राउटर बंद करून चालू करा, आणि गप्प बसा!



पोस्ट लांब आहे, आधीच सांगतो. चहा घेऊन बसा. आणि वाचता वाचता वायफाय गेलं तर मोबाईल डेटावर या, कारण विषय तोच आहे.

गेल्या महिन्यात माझ्या मुलीचा एका कंपनीचा ऑनलाइन इंटरव्ह्यू होता. इंजिनिअरिंगचं शेवटचं वर्ष, दोन-तीन महिन्यांची तयारी, संध्याकाळी साडेसातची वेळ. घरात सगळ्यांना तंबी दिलेली. टीव्ही बंद, मिक्सर बंद, मोबाईल सायलेंट. पहिल्या दहा मिनिटांत दोनदा चित्र गोठलं. तिसऱ्यांदा आवाजच गेला. ती माझ्या मोबाईलच्या हॉटस्पॉटवर येईपर्यंत समोरच्यांनी "आम्ही कळवतो" म्हणून मीटिंग संपवली होती. त्यांनी आजतागायत कळवलेलं नाही.

पोरगी रडली नाही. लॅपटॉप मिटला आणि मला एवढंच विचारलं, "बाबा, आपण दर महिन्याला पैसे कशाचे भरतो?"

या प्रश्नाचं उत्तर शोधता शोधता जे कळलं ते लिहितोय. आपल्या साताऱ्यात घराघरात हेच चालू आहे, आणि आपण सगळे ते "नेटचं काय खरं नाही" म्हणून सोडून देतो.

त्याच रात्री कस्टमर केअरला फोन लावला. मराठीसाठी अमुक दाबा, तक्रारीसाठी तमुक दाबा. वीस मिनिटांनी माणूस मिळाला. पहिलं वाक्य, "सर, एकदा राउटर बंद करून चालू करा." म्हटलं, चार वेळा केलं. "सर, अजून एकदा करा, मी लाईनवर आहे." केलं. रात्रीचे साडेदहा झालेले, तोवर नेट आपोआप सुधारलं होतं. "बघा सर, चालू झालं ना?" तक्रार नोंदवून घ्या म्हटलं तर कुरकुरत नोंदवली. दुसऱ्या दिवशी सकाळी मेसेज आला, "आपली तक्रार यशस्वीरीत्या सोडवण्यात आली आहे."

कोणी सोडवली? कधी? कुठे? घरी कोणी आलं नाही, फोन आला नाही, कुणी विचारलं नाही. कागदावर मात्र मी समाधानी ग्राहक!

पुन्हा तक्रार केली. तिसऱ्या दिवशी दुपारी कंपनीचा पोरगा आला. बावीस-तेवीस वर्षांचा असेल. पाठीला सॅक, हातात मोबाईल. मी जे काही तीन दिवस साठवलं होतं ते सगळं त्याच्यावर काढलं. त्याने शांतपणे ऐकलं. राउटरशेजारी उभं राहून मोबाईलवर स्पीड टेस्ट केली आणि मला दाखवली. आकडा जवळजवळ शंभर. "काका, लाईन ओके आहे. तुमच्या घरातच प्रॉब्लेम आहे." सही घेतली आणि गेला.

मी चिडलो. पण नंतर शोध घेतला तेव्हा कळलं की पोरगा खोटं बोलत नव्हता. तो अर्धं खरं बोलत होता. आणि या धंद्याचा सगळा खेळ त्या अर्ध्या खऱ्यावर चाललाय.

आपण मराठीत काय म्हणतो? "नेट गेलं." बस. पण यात दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एक लाईन, म्हणजे कंपनीकडून खांबावरून तुमच्या घरातल्या डबीपर्यंत आलेली फायबर. दुसरं वायफाय, म्हणजे त्या डबीपासून तुमच्या मोबाईलपर्यंत हवेतून जाणारा शेवटचा पंधरा-वीस फुटांचा प्रवास. पाण्याचं बघा. नळाला पाणी येत नाही, तर दोष नगरपालिकेच्या पाइपलाईनचा असेल किंवा घरातल्या प्लंबिंगचा. आपण काय करतो? आधी गच्चीवर जाऊन टाकी बघतो. टाकी भरलेली असेल तर प्लंबरला बोलावतो, रिकामी असेल तर नगरसेवकाला फोन लावतो. नेटच्या बाबतीत मात्र आपण टाकी बघतच नाही. थेट भांडायला जातो किंवा थेट गप्प बसतो.

मी टाकी बघायची ठरवली. भाच्याची मदत घेतली, त्याला यातलं कळतं. सात दिवस एका वहीत नोंदी केल्या. पद्धत सोपी आहे, तुम्हालाही जमेल.

लॅपटॉपचं वायफाय बंद करायचं आणि तो लॅनच्या वायरने थेट राउटरला जोडायचा. आता हवेचा संबंध संपला. मग दोन ठिकाणी "पिंग" करायचं. पिंग म्हणजे काय, तर हाक मारायची आणि ओ येते का बघायचं. पहिली हाक घरातल्याच राउटरला. त्याचा पत्ता डबीच्या मागे स्टिकरवर असतो, बहुतेक वेळा १९२.१६८.१.१ असा काहीतरी. दुसरी हाक बाहेरच्या जगाला, म्हणजे गूगलचा ८.८.८.८ हा पत्ता. प्रत्येकी शंभर हाका. मग वायर काढायची, वायफाय चालू करायचं, आपण जिथे बसतो त्या खोलीत जायचं आणि परत तेच करायचं.

आता अर्थ लावा. वायफायवरून राउटरच ओ देत नसेल, पण वायर लावल्यावर सगळं व्यवस्थित असेल, तर दोष घरात. वायर लावूनसुद्धा राउटर लगेच ओ देतोय पण बाहेरचं जग देत नाही, तर दोष बाहेर. एवढंच. याला इंजिनिअर लागत नाही. सातवीतलं पोर करेल.

माझ्या वहीत काय निघालं?

पहिली गोष्ट, माझी चूक. कबूल करतो. राउटर बसवला तेव्हा "वायरी दिसायला नकोत" म्हणून मीच तो टीव्हीच्या शोकेसमध्ये, टीव्हीच्या मागे ठेवायला लावला होता. शेजारी लोखंडी कपाट. पलीकडे आरसा. पोरीची खोली त्या कपाटाच्या मागे. रेडिओ लहरींना सगळ्यात जास्त काय अडवत असेल तर ते लोखंड. आरशाच्या मागेही धातूचाच मुलामा असतो. स्लॅबमधल्या सळया, पाण्याची टाकी, फिशटँक, हे सगळं त्याच यादीत. राजवाड्याजवळच्या जुन्या वाड्यांत ज्यांच्या दोन-दोन फुटी भिंती आहेत त्यांनी तर एका राउटरवर अख्खं घर चालेल ही आशाच सोडावी.

त्यात माझा राउटर २.४ गिगाहर्ट्झवरच चाललेला. हा पट्टा भिंतीतून बऱ्यापैकी पार जातो, पण तिथे गर्दी फार. त्यात एकमेकांवर न चढणारी चॅनेल तीनच, १, ६ आणि ११. माझ्या हॉलमध्ये उभं राहून मोबाईलवर बघितलं तर आजूबाजूची सतरा वायफाय दिसली. सतरा घरं, तीन रस्ते! वर ब्लूटूथ त्याच पट्ट्यात, आणि स्वयंपाकघरातला मायक्रोवेव्हही तिथेच गुरगुरतो. दुसरा पट्टा ५ गिगाहर्ट्झचा. तिथे जागा भरपूर, वेग जास्त, पण भिंत आली की दमतो. म्हणजे राउटरजवळच्या खोल्यांना ५, लांबच्या खोलीला २.४, हा साधा हिशेब. राउटर बसवताना मला हे कुणी सांगितलं नव्हतं. मीही विचारलं नव्हतं.

राउटर बाहेर काढला, पॅसेजमध्ये डोक्याएवढ्या उंचीवर भिंतीला लावला. पोरीच्या टेबलापर्यंत लॅनची वायर ओढली. पंधरा मीटर वायरला काही शे रुपये लागले. तिच्या खोलीत वायफायवर जिथे आठचा आकडा येत होता तिथे साठ यायला लागला, आणि वायरवर जवळजवळ शंभर.

इथे पोस्ट संपली असती तर मी तुम्हाला "राउटर उघड्यावर ठेवा" एवढाच सल्ला देऊन मोकळा झालो असतो. पण वहीत दुसरी गोष्टही होती.

रोज संध्याकाळी साडेसात ते दहा. वायर लावलेली. राउटरला शंभर हाका, शंभर ओ, एकही चुकली नाही. बाहेरच्या जगाला शंभर हाका, त्यातल्या दहा-बारा गायब. एका रात्री अठरा. सकाळी सहाला हीच टेस्ट, शंभरपैकी शंभर. दुपारी शंभरपैकी शंभर. सातही दिवस हेच. यात माझं कपाट कुठे आलं? आरसा कुठे आला? वायफायच बंद होतं!

म्हणजे पोरीचा इंटरव्ह्यू दोघांनी मिळून बुडवला. अर्धा माझ्या शोकेसने, अर्धा त्यांच्या लाईनने. कंपनीचा पोरगा दुपारी दोनला आला, दुपारी दोनची लाईन तपासली, आणि साडेसातच्या आजाराला "ठणठणीत" म्हणून सही घेऊन गेला.

माझा सगळा राग इथे आहे. आपली अर्धी चूक हीच त्यांची पूर्ण ढाल झाली आहे. घरात कपाट असतंच, भिंत असतेच, शेजाऱ्याचं वायफाय असतंच. त्यामुळे "तुमच्या घरात प्रॉब्लेम आहे" हे वाक्य कुणालाही, कधीही फेकता येतं आणि ते थोडंफार खरंच निघतं. मग संध्याकाळच्या गळतीबद्दल बोलायचं कुणी?

ही संध्याकाळची गळती का होते तेही समजून घ्या. तुमच्या घरी आलेली फायबर ही फक्त तुमची नसते. एका फायबरवर खांबावरच्या डबीतून ३२ घरं, कधी ६४ घरं वाटलेली असतात. त्या तंत्रात एका फायबरवर खाली येणारा वेग साधारण अडीच हजार एमबीपीएस. आता ६४ घरांना शंभर-शंभर विकले तर झाले सहा हजार चारशे. गुन्हा आहे का? नाही. सगळे एकाच वेळी पूर्ण वेग वापरत नाहीत, एसटी महामंडळसुद्धा हाच हिशेब करतं. पण त्या डबीच्या पुढे, गावातल्या केंद्रापासून पुण्या-मुंबईकडे जाणारी जी मोठी वाहिनी कंपनी भाड्याने घेते, ती किती घेतली आणि ती किती हजार घरांना वाटली, हे गिऱ्हाईकाला कोणीही सांगत नाही. नवीन कनेक्शनं रोज विकली जातात. वाहिनी वाढवली जाते का? संध्याकाळी अख्खं गाव मालिका, मॅच आणि रील बघायला बसलं की एसटीच्या टपावर माणसं चढतात. आणि मग आपल्याला सांगतात, राउटर बंद करून चालू करा.

जाहिरातीत काय लिहिलेलं असतं? "१०० एमबीपीएस पर्यंत." त्या "पर्यंत"वर जरा थांबा. उद्या दूधवाला म्हणाला, "रोज एक लिटरपर्यंत दूध घालीन," तर आपण त्याला दारात उभं करू का? पैसे मात्र "पर्यंत" घेत नाहीत. पैसे पूर्ण आणि आगाऊ.

आणि दुसरं उत्तर तर याहून भारी. "सर, मोठा प्लॅन घ्या."

आमच्या शेजारी एक आजी राहतात. मुलगा परदेशात. रोज रात्री नऊला व्हिडिओ कॉल, आजींचा तो दिवसातला एकुलता एक कार्यक्रम. कॉल मधेच तुटायचा. फोनवर त्यांना सांगितलं, आजी, तुमचा प्लॅन लहान आहे. आजींनी दुप्पट वेगाचा प्लॅन घेतला. कॉल तुटतच राहिला. वही संपल्यावर भाचा आणि मी त्यांच्याकडे गेलो. दहा मिनिटं नुसतं राउटरकडे बघत बसलो. राउटरचे सगळे दिवे एकदम विझले आणि परत लागले. म्हणजे डबी स्वतःहून बंद पडून चालू होत होती. अडॅप्टर हाताला चटका बसेल इतका तापलेला, पिन सैल. दोन-अडीचशे रुपयांचा नवा १२ व्होल्टचा अडॅप्टर आणला, विषय संपला. व्हिडिओ कॉलला तीन-चार एमबीपीएस पुरतात हो! ज्या बाईला पाच लागत होते तिला दोनशे विकले, आणि सडका अडॅप्टर तसाच ठेवला. याला सेवा म्हणायचं?

आता कमेंटमध्ये काय येणार हे मला माहीत आहे, म्हणून आधीच उत्तरं देतो.

"एवढ्या स्वस्तात अजून काय पाहिजे?" स्वस्त आहे, मान्य. पण स्वस्त वस्तूसुद्धा वजनाला पूर्ण पाहिजे. दहा रुपयांची मेथीची जुडी घेताना आपण आतली पिवळी पानं बघतोच ना?

"दुसरी कंपनी घ्या." घेतो की! पण गल्लीत कोण येतं ते बघा. एकाची फायबर पोचत नाही, दुसरा म्हणतो सोसायटीची परवानगी आणा, तिसरा त्याच खांबावरून त्याच वायरमनकडून काम करून घेतो. आणि कंपनी बदलली तरी शोकेसमधला राउटर शोकेसमध्येच राहणार असेल तर उपयोग शून्य.

"त्या पोराला कशाला बोलता, तो बिचारा पोटासाठी करतो." शंभर टक्के बरोबर, आणि इथे मी चुकलो. तो पोरगा परवा गल्लीत भेटला. थांबवून माफी मागितली. चहा पाजला. तो म्हणाला, "काका, मला घरामागे पैसे मिळतात. दिवसाला ठरलेल्या तक्रारी बंद करायच्या. संध्याकाळी लाईन जाम होते हे मला माहीत नाही का? पण ते माझ्या हातात आहे का?" नाही. त्याच्या हातात नाही. म्हणून ही पोस्ट त्याच्याविरुद्ध नाही. ज्यांच्या हातात आहे ते कधी आपल्या दारात येत नाहीत, म्हणून आपण त्याच्यावर ओरडतो. ज्याला पाठवलंच ओरडा खायला, त्याच्यावर ओरडून काय मिळवलं आपण?

"नियम कुठे पाळले जातात या देशात?" इथे मात्र थांबा. नियम आहेत. आपणच ते वापरत नाही.

ट्रायच्या २०१२ च्या तक्रार निवारण नियमांनुसार प्रत्येक तक्रारीला डॉकेट नंबर द्यावाच लागतो. तक्रार सुटली नाही किंवा उत्तर पटलं नाही तर त्याच कंपनीच्या अपील प्राधिकरणाकडे ३० दिवसांत अपील करता येतं. त्याला फी नाही, आणि निकाल ३९ दिवसांत द्यायचा असतो. आपल्यापैकी किती जणांनी केलंय असं अपील? मी वयाच्या बावन्नाव्या वर्षी पहिल्यांदा केलं.

१ ऑक्टोबर २०२४ पासून ट्रायचे सेवेच्या गुणवत्तेचे नवे नियम लागू झाले. लाईनचा बिघाड तीन दिवसांपेक्षा जास्त राहिला तर भाड्यात सवलत द्यावी लागते. ती मागावी लागते, हे आपलं दुर्दैव. हाका गायब होण्याची, म्हणजे पॅकेट गळतीची, मर्यादा १ टक्का धरलेली आहे. माझ्या घरी संध्याकाळी निघाली बारा. कंपनीची मोजायची जागा आणि पद्धत वेगळी असते, मान्य. पण एक आणि बारा यांच्यातला फरक पद्धतीचा नसतो.

आणि सरकारचीही गंमत बघा. ब्रॉडबँड कशाला म्हणायचं याची सरकारी व्याख्या जानेवारी २०२३ मध्ये बदलली. आधी ५१२ केबीपीएस होती, आता किमान २ एमबीपीएस. शंभर विकायचे आणि कायद्याने दोनाला ब्रॉडबँड म्हणायचं! मधल्या अठ्ठ्याण्णवांचा जाब कुणाला विचारायचा?

ग्राहक आयोगाचा रस्ताही उघडा आहे. टेलिकॉमच्या तक्रारी ग्राहक न्यायालयात चालतच नाहीत, असं १८८५ च्या तार कायद्याकडे बोट दाखवून सांगितलं जायचं. फेब्रुवारी २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की ग्राहक आयोगात जाता येतं. पाच लाखांपर्यंतच्या प्रकरणाला तिथे फी नाही. आणि त्याआधी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ आहेच.

पण मंडळी, या प्रत्येक दारात पहिला प्रश्न एकच येणार. "कशावरून दोष आमचा? तुमच्या घरातला कशावरून नाही?" तिथे वहीच कामाला येते. "नेट लई स्लो आहे" हे वाक्य कुठेच टिकत नाही. "अमुक तारखेला रात्री आठ वाजता, लॅनची वायर लावून, राउटरला शंभरपैकी शंभर, बाहेर शंभरपैकी अठ्ठ्याऐंशी" हे वाक्य टिकतं. सोबत डबीवरच्या दिव्यांचा फोटो काढा. "एलओएस" नावाचा दिवा लाल झाला असेल तर फायबरमधून उजेडच येत नाहीये. तेव्हा राउटर शंभर वेळा बंद-चालू केला तरी काही होणार नाही, आणि त्यात तुमचा दोष असलाच तर एवढाच की फायबर कुठे दारात चेपली किंवा काटकोनात वाकवली आहे का ते बघा. काचेची तार आहे ती, करकचून दुमडली की उजेड बाहेर सांडतो.

नगरपालिकेलाही दोन शब्द. आपल्या रस्त्यावरचा कुठलाही खांब मान वर करून बघा. केबलची जाळी, त्यात मेलेल्या कनेक्शनच्या वायरी, कुणाची कुठली ते देवाला माहीत. जेसीबी येतो, गटारासाठी चर खणतो, फायबर तुटते, चार गल्ल्या दोन दिवस अंधारात. मग कंपनी नगरपालिकेकडे बोट दाखवते आणि नगरपालिका ठेकेदाराकडे. खणण्याआधी जमिनीखाली कुणाच्या केबल आहेत ते विचारता यावं म्हणून केंद्राने मार्च २०२३ मध्ये "कॉल बिफोर यू डिग" नावाचं ॲप काढलं. आपल्याकडे खणणाऱ्या किती ठेकेदारांनी ते उघडून बघितलं, हे नगरसेवकांनी एकदा सभागृहात विचारावं.

तर माझ्या मागण्या सांगतो, फार नाहीत.

एक, कनेक्शन देताना वायर लावून टेस्ट करून दाखवा, आणि आकडा कागदावर लिहून द्या. एकदा दुपारी आणि एकदा रात्री आठला.

दोन, गिऱ्हाईकाने "हो" म्हटल्याशिवाय तक्रार बंद करायची नाही. "सोडवण्यात आली" हा खोटेपणा बंद.

तीन, तक्रार ज्या वेळेची आहे त्या वेळी माणूस पाठवा. संध्याकाळच्या दुखण्याला दुपारचा डॉक्टर नको. आणि त्या पोरांना बंद केलेल्या तक्रारीमागे नव्हे, सुटलेल्या तक्रारीमागे पैसे द्या.

चार, ही आपल्याकडून. राउटर शोकेसमधून, कपाटामागून, फ्रिजवरून बाहेर काढा. दिसला तर दिसू द्या. अडॅप्टरला हात लावून बघा. ज्यावर कुणाची परीक्षा, इंटरव्ह्यू, नोकरी चालते तो लॅपटॉप वायरनेच जोडा. आपली अर्धी चूक आपण आधी निस्तरू या, म्हणजे त्यांची ढाल त्यांच्या हातात राहणार नाही.

माझ्या अपिलाला आज अकरा दिवस झाले. वहीची सगळी पानं स्कॅन करून जोडली आहेत. उरलेले अठ्ठावीस दिवस मोजतोय, जे होईल ते इथेच लिहीन. पोरीने पुढचा इंटरव्ह्यू गोडोलीला मैत्रिणीच्या घरून दिला. निघताना म्हणाली, "बाबा, नेटसाठी घराबाहेर जायचं, तर घरातल्या नेटचे पैसे मैत्रिणीच्या बाबांना द्या." हसलो मी, पण लागलं.

आता तुमचं काम. आज रात्री आठला वायर लावून टेस्ट करा. वायर नसेल तर निदान राउटरच्या दोन फुटांवर उभं राहून करा. कमेंटमध्ये कंपनीचं नाव नको, भांडण नको. फक्त तीन गोष्टी लिहा. तुमचा भाग, वेळ आणि आलेला आकडा. शाहूपुरी, करंजे, सदर बझार, गोडोली, सगळीकडचे आकडे एका जागी आले तर तो एकट्या माझ्या कपाटाचा प्रश्न राहणार नाही.

पटलं तर शेअर करा. नाही पटलं तर कमेंटमध्ये या, बोलू. आणि "रिस्टार्ट करून बघितलं का?" असं विचारणाऱ्याला चहा माझ्याकडून नाही!